रंजनेचं वळण

नेपाळमधल्या पाटणच्या सुवर्ण मंदिराचं खरं नाव हिरण्यवर्ण महाविहार. तिथले नेवार लोक त्याला क्वा बहाः म्हणतात. या विहारात प्रज्ञापारमितेची एक पोथी आहे, तेराव्या शतकातली, गडद कागदावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली. इतकी जुनी पोथी आपल्याकडे बहुधा एखाद्या संस्थेच्या कपाटात कुलूपबंद असते आणि ती नुसती पाहायची तरी अर्ज करावा लागतो. क्वा बहाःमध्ये ती वाचली जाते. कुणाकडे आजारपण असतं, कुणी नवस बोललेला असतो, त्या घरातून मागणी येते. मग वज्राचार्य पुरोहित एकत्र बसतात, पानं आपसांत वाटून घेतात आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याचा मजकूर मोठ्याने म्हणत जातो, सगळे एकाच वेळी. प्रज्ञापारमिता हा ग्रंथही आहे आणि देवीही, त्यामुळे पोथीची पूजा होते. हात लागून लागून सोनं झिजतं. झिजलेली अक्षरं सोन्याच्या शाईने पुन्हा गिरवली जातात.

जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्यांना हे ऐकून धडकी भरते. मला मात्र नेपाळच्या अक्षरकलेचं सगळं मर्म या एका रीतीत दिसतं. या पोथीतलं एखादं अक्षर नेमकं कुणाचं, असं विचारलं तर काय सांगणार? पहिल्या लेखकाचं, की त्यावरून हात फिरवणाऱ्या पुढच्या पिढ्यांचं?

मी मुंबईत अक्षरांकन शिकवते. दरवर्षी एखाद-दोन विद्यार्थी नेपाळवरून प्रेरणा घेऊन काहीतरी करायचं ठरवून येतात. मंडल, पताका आणि स्तूपावरचे बुद्धाचे डोळे एवढं साहित्य त्यांनी जमवलेलं असतं. अलीकडे तर पाचसहा जणांनी मिळून, नेपाळी संस्कृतीतून काम करणाऱ्या डिझायनरांची मंडळी जमवायची टूम काढली. ही टूम मला मनापासून आवडली. मात्र आपण काही नवं करतोय असं त्यांना वाटत होतं, म्हणून त्यांना रंजना लिपीची हकीकत सांगितली. काठमांडूच्या खोऱ्यात अशी मंडळी जवळजवळ हजार वर्षं बसत आली आहेत. तीच हकीकत इथे लिहिते आहे.

खोऱ्यातल्या नेवारांची भाषा नेपाळभाषा. ती नेपाळीहून वेगळी, तिबेटी-बर्मी कुळातली. ती लिहायला एक नव्हे, अनेक लिप्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींची नावं अक्षराच्या माथ्यावरून पडलेली: भुजिमोल म्हणजे माशीच्या डोक्यासारख्या गोलसर माथ्याची. ती सगळ्यांत जुनी. रोजच्या व्यवहारात पुढे सपाट माथ्याची प्रचलित लिपी रुळली. आणि धर्मग्रंथ, मंत्र, शिलालेख, जे जे शोभेने आणि आदराने लिहायचं, त्यासाठी अकराव्या शतकापासून रंजना. आपल्याकडे पोथी बाळबोधीत आणि कारकुनी मोडीत, अशी जी वाटणी होती तिच्याशी हे मिळतंजुळतं आहे. या वाटणीचे दोन्हीकडे फार वेगळे परिणाम झाले, त्याकडे पुढे येईन.

रंजना रुंद टोकाच्या लेखणीची लिपी आहे. उभा दांडा भरदार येतो आणि तळाशी निमुळता होत तिरका संपतो. मात्रा आणि वेलांट्या माथ्यावरून झोकात बाहेर पडतात. देवनागरी लिहिणारा हात रंजनेकडे वळला की सुरुवातीला तो दांडा घाईने ओढतो, कारण आपल्याला वळणदार भाग महत्त्वाचा वाटतो आणि दांडा नुसता आधार. रंजनेत सगळी तालीम दांड्याची. त्याचा जाडपणा वरून खालपर्यंत कसा उतरतो, यावर अक्षर उभं राहतं किंवा पडतं. याच लिपीत कूटाक्षर नावाचा प्रकार आहे: मंत्रातली अक्षरं एकाखाली एक रचून त्यांचा एकच स्तंभ करायचा. आपण जोडाक्षरात दोन-तीन वर्णांची सोय लावतो, तर कूटाक्षरात सबंध मंत्र एका अक्षराच्या रुंदीत मावतो. आज ज्याला मोनोग्राम म्हणतात ते याहून वेगळं काय आहे?

कागद लोकतेचा. डोंगरात उंचावर वाढणाऱ्या झुडपाची आतली साल राखेच्या पाण्यात उकळतात, कुटून लगदा करतात, तो चौकटीवर ओततात आणि चौकटीसकट उन्हात वाळवतात. या कागदाला कीड सहजी लागत नाही, म्हणून नेपाळात सरकारी दस्त पिढ्यान् पिढ्या यावरच झाले. सोन्याच्या अक्षरांसाठी हाच कागद थरावर थर चिकटवून जाड करायचा, निळाकाळा रंगवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. म्हणजे एका पोथीमागे साल काढणारा, कागद करणारा, रंगवणारा, घोटणारा, लिहिणारा, चित्रं काढणारा आणि लाकडी पाट्या कोरणारा असे सगळे हात. पोथीच्या शेवटी लेखक आपलं नाव, नेपाळ संवतातली तिथी आणि पोथी करवून घेणाऱ्याचं नाव लिहितो. मग तो वाचणाऱ्याला विनवतो, पाण्यापासून, आगीपासून, चोरांपासून आणि उंदरांपासून हिला जपा. काही जण पाठ, कंबर आणि मान मोडल्याचंही सांगतात. आपल्या जुन्या पोथ्यांतही अशी विनवणी सापडते. ती वाचताना अंतर उरत नाही. दिवसभर अक्षर काढून मान अवघडते तेव्हा या माणसांची मला फार जवळून ओळख पटते.

खोऱ्यातली कारागिरी घराण्यांत वाटलेली होती. चित्रकार चित्रं काढणारे, शिल्पकार लाकूड कोरणारे, ताम्राकार तांब्याची भांडी घडवणारे, शाक्य मूर्ती ओतणारे. आडनावावरून धंदा कळावा, अशी ही व्यवस्था. तिच्यात बंदिस्तपणा होता, जातीची उतरंड होती आणि ती नाकारून चालणार नाही. पण या घराण्यांना बांधून ठेवणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे गुठी. कुणीतरी जमीन दान द्यायची, तिच्या उत्पन्नातून देवळाची डागडुजी, रथयात्रा, वाद्यांची तालीम, अंत्यसंस्कार, वर्षाचं एक जेवण चालवायचं, आणि हे काम सभासदांनी पाळीपाळीने करायचं. ज्याची पाळी येईल त्याने करायचंच. गुठी चुकवणं म्हणजे समाजातून उठणं. कोणतीही कला एका हुशार माणसाच्या जिवावर सोडायची नाही, याची ही तजवीज होती. माझ्या मते खोऱ्याची सगळ्यांत मोठी निर्मिती पॅगोडा किंवा मूर्ती नाही, तर ही पाळी आहे.

या मंडळींची ताकद किती होती ते 1260 साली दिसलं. कुबलाई खानाला तिबेटात सोन्याचा स्तूप उभारायचा होता. त्याचे गुरू फाग्सपा यांनी नेपाळच्या राजाकडे शंभर कारागीर मागितले, राजाला ऐंशी मिळाले. त्यांचा म्होरक्या कोण, असा प्रश्न आला तेव्हा पुढे झालेला मुलगा सतराच्या आसपासचा होता. त्याचं नाव अर्निको. वय लहान म्हणून शंका घेतली गेली, तर त्याने शरीर लहान असलं तरी मन लहान नाही अशा अर्थाचं उत्तर दिल्याचं चिनी नोंदीत आहे. तिबेटातलं काम झाल्यावर फाग्सपांनी त्याला कुबलाईच्या दरबारी नेलं. तिथे तो मोठ्या पदाला चढला आणि 1306 साली चीनमध्येच वारला. बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याचा, 1271 ते 1279 या काळात बांधलेला आणि आजही उभा असलेला. काठमांडूहून तिबेटच्या सीमेवर कोदारीला जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे, नेपाळी शाळांत त्याचा धडा असतो. एकट्या अर्निकोचं कौतुक सगळे करतात. मला बाकीच्या ऐंशी जणांचं कुतूहल आहे. एका लहानशा खोऱ्यातून एका हाकेसरशी ऐंशी तरबेज माणसं निघू शकली, म्हणजे मागे शिकवणारी केवढी यंत्रणा असेल!

लिपीही त्याच वाटेने गेली. तिबेटात ती लांत्सा झाली. तिबेटी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर संस्कृत नाव लांत्सात लिहायची चाल पडली. बीजिंगच्या उत्तरेला चुयुंगक्वान घाटात 1345 साली पूर्ण झालेली एक संगमरवरी कमान आहे. तिच्यावर बौद्ध मजकूर सहा लिप्यांत कोरला आहे आणि त्यातली एक लांत्सा आहे. चीनच्या भिंतीजवळ, राजधानीच्या वाटेवर, काठमांडूच्या खोऱ्यातलं वळण!

खुद्द काठमांडूत या अक्षरप्रेमाचा कळस प्रताप मल्लाने गाठला. हनुमान ढोक्याच्या राजवाड्याच्या भिंतीत त्याने 1654 साली बसवलेला शिलालेख देवीची स्तुती आहे आणि त्यात पंधरा भाषा-लिप्यांचे नमुने आहेत. त्यांत हिवाळा आणि शरद यांसाठीचे युरोपीय शब्दही रोमन अक्षरांत आहेत. कुणी हा लेख पुरता वाचला तर जवळच्या तोटीतून दूध वाहील, असं लोक सांगतात. हा राजा स्वतःला कवींचा राजा म्हणवून घ्यायचा. ते खरं की खोटं ते त्याच्या कवितेवरून ठरवा, पण अक्षरांचा त्याला खरा नाद होता.

मग 1768-69 मध्ये गोरखाच्या पृथ्वीनारायण शाहाने खोरं जिंकलं. दरबाराची भाषा बदलली. नेपाळी देवनागरीत लिहिली जायची, त्यामुळे सरकारी कागदातून नेवार लिप्या मागे हटू लागल्या. पण खरा घाव छापखान्याने घातला, असं मला वाटतं. पंतप्रधान जंगबहादूर राणा युरोपला जाऊन 1851 साली परतला तेव्हा त्याने एक छापयंत्र आणलं. त्याच्या माथ्यावर ओतीव पक्षी होता. तो गरुड, पण लोकांनी गिधाड म्हटलं आणि यंत्राचं नाव गिद्धे प्रेस पडलं. पुढे आलेले खिळे देवनागरीचे, बनारस-कलकत्त्याच्या बाजारातले. रंजनेचे खिळे कोण पाडणार? कूटाक्षर तर खिळ्यांत बसणारच नाही. नेपाळी भाषेचं पहिलं मोठं प्रकाशनही देशाबाहेर झालं. मोतीराम भट्टांनी भानुभक्तांच्या रामायणाचं बालकांड 1884 साली बनारसहून काढलं. नेपाळभाषेतलं खिळ्यांवर छापलेलं पहिलं पुस्तक 1909 चं, निष्ठानंद वज्राचार्यांनी कलकत्त्याहून खिळे आणून काढलेलं. तेसुद्धा देवनागरीत. भाषा वाचवायची तर लिपी सोडावी लागली. त्या माणसाने हा निर्णय कसा घेतला असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. त्याला दोष देणं मला कधीच जमलेलं नाही.

राणा राज्यकर्त्यांना तेवढंही नको होतं. 1905-06 च्या सुमारास नेपाळभाषेतले दस्त सरकारदरबारी अमान्य झाले. पुढे तर या भाषेत लिहिणं हाच गुन्हा ठरला. 1941 मध्ये कवी चित्तधर हृदय यांना आईवरच्या एका कवितेसाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्यांनी बुद्धचरित्रावरचं ‘सुगत सौरभ’ हे महाकाव्य कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहिलं. जेवण घेऊन येणारी बहीण ते चिठोरे लपवून बाहेर नेत असे. ही बहीण, मोतीलक्ष्मी उपासिका, स्वतःही लेखिका होती.

आता त्या वाटणीकडे येते. आपल्याकडे मोडी हा कारकुनाचा हात होता. छापखान्याने आणि पुढे सरकारी निर्णयाने तिचं काम काढून घेतलं, तेव्हा तिला दुसरं घरच नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत आजोबांचे कागद नातवाला वाचता येईनासे झाले. नेपाळात व्यवहाराची प्रचलित लिपी अशीच मागे पडली. रंजना मात्र टिकली, कारण तिला देऊळ होतं. विहाराच्या दारावरचा मंत्र, प्रार्थनाचक्रावरचं ‘ॐ मणिपद्मे हुम्’, पूजेची पोथी, या गोष्टी सरकार बदललं म्हणून थांबत नाहीत. गुठीची पाळी चालू होती तोवर कुणीतरी ती अक्षरं काढत होता, वाचता आली नाहीत तरी गिरवत होता. अर्थात याची किंमतही मोजावी लागली. लिपी पूजेत राहिली आणि वाचनातून गेली. घरोघरी असलेली, पण बहुतेकांना न वाचता येणारी अशी तिची अवस्था झाली.

वाचन परत आणायचं काम अभ्यासकांनी केलं. पाटणचे हेमराज शाक्य यांनी जुने लेख वाचले, लिप्यांच्या वर्णमाला छापल्या, लोकांना शिकवलं. प्रेमबहादूर कंसाकारांनी आपल्या वडिलांच्या नावाने, स्वतःच्या संग्रहातून, काठमांडूत आशा सफू कुथि हे हस्तलिखितांचं ग्रंथालय उभं केलं. जर्मनीच्या मदतीने 1970 पासून चाललेल्या सूक्ष्मचित्रणाच्या प्रकल्पात सुमारे 1,80,000 हस्तलिखितांची छायाचित्रं घेतली गेली. पण कपाटातली चित्रफीत आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यामध्ये अंतर उरतंच. ते चळवळीने तोडलं. 1965 मध्ये रेडिओ नेपाळवरून नेपाळभाषा बंद झाली तेव्हा लोक उठले. 1979 पासून नेपाळभाषा मंका खलः ही संघटना काम करू लागली. काठमांडू नगरपालिकेने 1997 मध्ये कामकाजात नेपाळभाषेला जागा दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने 1 जून 1999 रोजी रद्द ठरवली. तो दिवस आजही काळा दिवस म्हणून पाळला जातो.

संगणक आला तेव्हा नेपाळची देवनागरीही आधी अडचणीतच होती. प्रीती नावाचा फॉन्ट सगळ्या कचेऱ्यांत होता आणि तो नसलेल्या संगणकावर तोच मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडायचा. आपल्याकडेही त्या काळी हेच होतं. पुढे युनिकोड आलं आणि विंडोजबरोबर मंगल हा फॉन्ट घरोघरी पोचला, नेपाळातही. तो रा. कृ. जोशींनी केलेला. जेजे आणि आयआयटीतल्या त्यांच्या वर्गांत घडलेली पिढी मी जवळून पाहिली आहे, म्हणून नेपाळी माणूस रोज सकाळी सरांचं वळण वाचत होता याचं मला अप्रूप वाटतं. आणखी एक धागा आहे. मराठीत ‘वाऱ्यावर’ लिहिताना जो लहानसा आडवा रफार लागतो, तो हिंदीला लागत नाही. नेपाळीला लागतो: गर्‍यो, पर्‍यो. उलट नेपाळी छपाईतला ‘झ’ आणि ५, ८ हे अंक आपल्याहून वेगळ्या वळणाचे. देवनागरी फॉन्ट करणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून दाखवते. मराठीचा रफार नीट बसवला की नेपाळीचं अर्धं काम होतं, उरलेलं अर्धं नेपाळी माणसाला विचारल्याशिवाय होत नाही.

2016 च्या जूनमध्ये युनिकोडमध्ये नेवा नावाचा विभाग आला आणि प्रचलित लिपीला संगणकात स्वतःची जागा मिळाली. त्याच सुमाराला कॅलिजात्रा या नावाने काठमांडूतली तरुण मंडळी रंजनेच्या कार्यशाळा घेऊ लागली. 2015 च्या 25 एप्रिलचा भूकंप नुकताच होऊन गेला होता. खोऱ्यातली देवळं, पाटी-सत्तल नावाच्या धर्मशाळा जमीनदोस्त झाल्या होत्या, आणि त्या पुन्हा उभारायच्या तर सिमेंट चालेल की जुन्याच रीतीने लाकूड-वीट, यावर लोक भांडत होते. भूकंपात पडलेला काठमांडूतला काष्ठमंडप जुन्या रीतीने उभा राहिला तो लोकांनी ठेक्याच्या कामाला विरोध करून मोहीम आपल्या हातात घेतली म्हणून. 2019 मध्ये गुठींची जमीन सरकारकडे नेणारं विधेयक आलं तर हजारो माणसं मैतीघरच्या चौकात उतरली आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. त्या वातावरणात अक्षर शिकायला बसणं हा छंद नव्हता.

पाटणला एका गल्लीत अशी बैठक मी पाहिली आहे. जमिनीवर कागद पसरलेले, शाळकरी मुलगी, बँकेतला माणूस, एक आजी, आणि शिकवणारा या सगळ्यांहून वयाने लहान. मी मुंबईची आणि अक्षरं शिकवते असं कळल्यावर त्याने हातात लेखणी दिली आणि फक्त उभे दांडे काढायला लावले. ‘‘दिदी, अजून अक्षर नको,’’ म्हणाला. मागे बसलेली आजी मधूनमधून माझ्या कागदाकडे पाहून मान हलवायची. तिला लिपी वाचता येत नव्हती, पण आयुष्यभर विहाराच्या दारावर ती पाहिलेली असल्यामुळे दांडा बिघडला की कळायचं. तिचा शेरा शिकवणाऱ्यापेक्षा नेमका होता.

माझ्या विद्यार्थ्यांशी माझा वाद इथेच होतो. टी-शर्टवर, उपाहारगृहाच्या भिंतीवर, अंगावर गोंदून रंजना हल्ली पुष्कळ दिसते आणि त्यातली बरीच वाचण्याजोगी नसते. मात्रा भलतीकडे, दांडा उलट्या बाजूला. शोभा म्हणून घेतलेल्या अक्षराला वाचणारा लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. मला तो मान्य नाही. ज्या भाषेसाठी माणसं तुरुंगात गेली तिच्या अक्षरांचा नक्षी म्हणून वापर करण्याआधी निदान वर्णमाला यावी, एवढी अपेक्षा मोठी नाही. म्हणून त्यांच्या मंडळीला मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, शिकवण्याची पाळी लावा, आणि ती कुणालाही चुकवता येऊ नये. दुसरी, काम बाहेर जाण्याआधी ते वाचू शकणाऱ्या एका नेवार माणसाने पाहिलेलं असावं, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत.

सध्या ते नित्य रंजना हा फॉन्ट वापरून पाहताहेत. त्याची दोन रूपं आहेत: एक देवनागरीच्या सांकेतिक क्रमांकांवर चालणारं, दुसरं नेवाच्या. पहिल्यात नेहमीसारखं देवनागरीत टाइप केलं की पडद्यावर रंजना उमटते. कूटाक्षर मात्र अजून त्यांना हातानेच रचावं लागतं, आणि परवा सात अक्षरांचा एक स्तंभ रचताना चौथ्या अक्षराचा दांडा कुठे संपवायचा यावर त्यांचं एकमत होईना, तेव्हा त्यांनी कागदाचा फोटो काढून पाटणला पाठवला.